प्रीप्रिंट

प्रीप्रिंट म्हणजे संशोधन-नियतकालिकाने तज्ज्ञांकरवी तपासून स्वीकारण्यापूर्वीच लेखकाने सर्वांना वाचण्यासाठी खुला केलेला शोधनिबंध होय. मराठीत त्यास 'पूर्वप्रत' किंवा 'मुद्रणपूर्व प्रत' असे म्हणता येईल. तथापि विद्यापीठांत आणि प्रयोगशाळांत 'प्रीप्रिंट' हाच शब्द प्रचलित असल्याने या लेखातही तोच वापरला आहे. भौतिकशास्त्र, गणित आणि संगणकशास्त्र या विषयांतील नवे संशोधन आज बहुधा प्रथम प्रीप्रिंटच्याच रूपाने वाचले जाते. जीवशास्त्र व वैद्यक या विषयांत ही प्रथा २०१३ नंतर रुजली आणि कोव्हिड-१९च्या महासाथीत ती सर्वसामान्य वाचकांच्या कानावर आली. मानव्यविद्यांत ती अद्याप तुरळक आहे.

नियतकालिकांच्या व्यवस्थेत प्रसिद्धी आणि परीक्षण या दोन गोष्टी एकत्र बांधलेल्या असतात. परीक्षण झाल्याखेरीज प्रसिद्धी नाही. प्रीप्रिंटने ही गाठ सोडवली. त्यामुळे संशोधन लवकर आणि विनामूल्य वाचावयास मिळू लागले, परंतु 'हे खरे कशावरून?' या प्रश्नाचे उत्तर शोधण्याची जबाबदारी संपादकाकडून वाचकांच्या समूहाकडे आली. हा समूह जेथे जागरूक व निर्भीड आहे तेथे ही पद्धत उत्तम चालते. जेथे तो नाही, तेथे प्रीप्रिंट ही केवळ न तपासलेली हस्तलिखिते ठरतात. निरनिराळ्या विद्याशाखांत या प्रथेचा इतिहास इतका भिन्न का झाला, हेही यावरून बरेचसे उलगडते.

स्वरूप

लेखक आपला निबंध एखाद्या संग्रहस्थळावर चढवतो. तेथील नियंत्रक तो एक-दोन दिवसांत वरवर पाहतात. निबंध विद्वत्तापूर्ण स्वरूपाचा आहे काय, योग्य विषयाखाली घातला आहे काय, उघड वाङ्मयचौर्य नाही ना, एवढेच ते पाहतात. वैद्यकीय निबंध असेल तर त्यामुळे लोकांच्या आरोग्यास धोका पोहोचणार नाही ना, हेही पाहिले जाते. निष्कर्ष बरोबर आहेत की चूक, याचा निवाडा ते करीत नाहीत. निबंधाला कायमचा क्रमांक आणि दाखल झाल्याची तारीख मिळते. पुढे लेखकाने सुधारणा केल्यास नवी आवृत्ती जोडली जाते, परंतु जुनी आवृत्ती पुसली जात नाही. निबंध मागे घेतला तरी 'मागे घेतला' अशी नोंद राहते आणि मूळ आवृत्तीही सामान्यतः पाहता येते. लेखकाला शुल्क नसते आणि वाचकालाही नसते. पुष्कळसे प्रीप्रिंट यथावकाश नियतकालिकांत प्रसिद्ध होतात.

प्रीप्रिंट आणि 'मुक्त प्रवेश' नियतकालिक यांत गल्लत होऊ नये. मुक्त प्रवेशाच्या नियतकालिकात निबंध तज्ज्ञ-परीक्षणानंतरच छापला जातो. फक्त तो वाचण्यास पैसे पडत नाहीत. मुंबईच्या सेठ गो. सुं. वैद्यकीय महाविद्यालय व के. ई. एम. रुग्णालयातून १९५५पासून निघणारे 'जर्नल ऑफ पोस्टग्रॅज्युएट मेडिसिन' हे अशा नियतकालिकाचे आपल्याकडील जुने उदाहरण आहे.

पूर्वपीठिका

सतराव्या शतकाच्या पूर्वार्धात युरोपातील विद्वान आपले शोध एकमेकांना पत्राने कळवीत. पॅरिसमधील मारँ मेर्सेन हा धर्मोपदेशक अशा पत्रव्यवहाराचे केंद्र होता. शोध जाहीर केला तर दुसरा तो आपल्या नावावर खपवील आणि लपवला तर दुसऱ्याला तो आधी लागेल, अशी दुहेरी भीती असे. गॅलिलिओने १६१०मध्ये शनीविषयीचे आपले निरीक्षण अक्षरांची उलटापालट करून कोड्याच्या रूपात कळवले होते. रॉबर्ट हुकनेही स्प्रिंगचा नियम १६७६मध्ये प्रथम अशाच कोड्यात छापला. शोध लागल्याचा दावा नोंदवायचा, पण शोध मात्र सांगायचा नाही, अशी ही युक्ती होती.

या कोंडीवर उपाय म्हणून रॉयल सोसायटीचे कार्यवाह हेन्री ओल्डेनबर्ग यांनी मार्च १६६५मध्ये 'फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स' हे नियतकालिक सुरू केले. शोध उघड करा, त्याची तारीख आम्ही नोंदवू, असा त्यातील व्यवहार होता. नियतकालिकाचे मूळ काम तारखेसह जाहीर नोंद करणे हे होते, ही गोष्ट येथे ध्यानात ठेवावयास हवी. बाहेरच्या तज्ज्ञाकडून प्रत्येक निबंध गुप्तपणे तपासून घेण्याची आजची पद्धत बरीच अलीकडची आहे. 'नेचर'ने ती सर्व निबंधांना सक्तीची केली १९७३मध्ये. वॉटसन आणि क्रिक यांचा डीएनएच्या रचनेवरील १९५३चा निबंध अशा परीक्षणाविनाच छापला गेला होता.

आइन्स्टाइन यांचा १९३६मधील अनुभव या संदर्भात नेहमी सांगितला जातो. नेथन रोझेन यांच्यासह लिहिलेला गुरुत्वीय लहरींवरील निबंध त्यांनी 'फिजिकल रिव्ह्यू'कडे धाडला. संपादकांनी तो एका परीक्षकाला दाखवला आणि परीक्षकाचे आक्षेप आइन्स्टाइन यांना कळवले. निबंध छापण्यापूर्वी तिऱ्हाइताला दाखवण्याची परवानगी आपण दिलीच नव्हती, असे उत्तर देऊन आइन्स्टाइन यांनी निबंध परत घेतला आणि तो दुसरीकडे दिला. गुरुत्वीय लहरी अस्तित्वात नाहीत, असा त्या निबंधाचा मूळ निष्कर्ष होता. तो प्रत्यक्ष छापून येण्यापूर्वी चूक लक्षात आली व निष्कर्ष बदलला गेला. म्हणजे परीक्षकाचे म्हणणे बरोबर होते. परीक्षणाविना लिहिणाऱ्या थोरांच्या कथा सांगताना या कथेचा हा उत्तरार्ध बहुधा गाळला जातो.

टपालातून फिरणाऱ्या प्रती

विसाव्या शतकाच्या मध्यास नियतकालिकात निबंध येण्यास अनेक महिने लागू लागले. म्हणून कणभौतिकीतील संशोधक टंकलिखित निबंधाच्या प्रती काढून त्या टपालाने ओळखीच्या विभागांना पाठवीत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रेषीय त्वरक केंद्राचे ग्रंथालय १९६९पासून अशा आलेल्या प्रतींची साप्ताहिक यादी प्रसिद्ध करी. ही सोय मौल्यवान होती, पण समान नव्हती. ज्या विभागाचे नाव पाठवणाऱ्याच्या यादीत असे त्याला निबंध लगेच मिळे. इतरांना नियतकालिकाचा अंक येईपर्यंत थांबावे लागे. दूरच्या देशात किंवा लहान महाविद्यालयात काम करणारा संशोधक सुरुवातीलाच काही महिने मागे पडे.

जीवशास्त्रातही असाच प्रयत्न झाला होता, हे फारसे कोणाला ठाऊक नसते. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने १९६१मध्ये 'माहिती विनिमय गट' स्थापून सदस्यांना एकमेकांचे अप्रकाशित निबंध पाठवण्याची व्यवस्था केली. हजारो शास्त्रज्ञ त्यात सामील झाले. परंतु अशा रीतीने फिरलेला निबंध आम्ही छापणार नाही, अशी भूमिका अनेक नियतकालिकांनी घेतली आणि १९६७मध्ये ही व्यवस्था बंद पडली. पुढे १९६९मध्ये 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'चे संपादक फ्रान्झ इंगेलफिंगर यांनी अन्यत्र आधी प्रसिद्ध झालेले संशोधन न स्वीकारण्याचा नियम जाहीर केला. तो त्यांच्याच नावाने ओळखला जातो. भौतिकशास्त्रज्ञांना जे साधले ते जीवशास्त्रज्ञांना जवळजवळ अर्धशतक साधले नाही, त्यामागे हा विरोध हे एक मोठे कारण आहे.

आर्काइव्ह

भौतिकशास्त्रज्ञ पॉल गिन्सपार्ग यांनी ऑगस्ट १९९१मध्ये अमेरिकेतील लॉस अलामोस राष्ट्रीय प्रयोगशाळेत एक स्वयंचलित ई-मेल व्यवस्था सुरू केली. लेखकाने निबंध संगणकाकडे पाठवावा, संगणकाने त्याचा सारांश सर्व वर्गणीदारांना कळवावा आणि ज्याला हवा त्याने पूर्ण निबंध मागवावा, अशी ती साधी योजना होती. वर्गणीदारांना वर्गणी मात्र नव्हती. डॉनल्ड क्नूथ यांनी तयार केलेली 'टेक' ही अक्षरजुळणीची प्रणाली तोपर्यंत गणिती लेखनासाठी सर्वत्र वापरात आली होती. त्यामुळे समीकरणांनी भरलेला निबंधही साध्या अक्षरांच्या धारिकेतून पाठवता येई. ही पूर्वतयारी नसती तर योजना कागदावरच राहिली असती.

पुढे ही व्यवस्था महाजालावर आली व 'आर्काइव्ह' या नावाने प्रसिद्ध झाली. रोमन लिपीतील तिच्या नावात मधले अक्षर ग्रीक 'काय' समजून वाचावयाचे असते. २००१मध्ये गिन्सपार्ग कॉर्नेल विद्यापीठात गेले आणि संग्रहही तेथे गेला. आरंभी केवळ सैद्धान्तिक उच्च-ऊर्जा भौतिकीपुरता असलेला हा संग्रह गणित, खगोलशास्त्र, संगणकशास्त्र, संख्याशास्त्र, अर्थशास्त्र असा वाढत गेला. २०१४च्या अखेरीस त्यातील निबंधांची संख्या १० लाखांवर पोहोचली आणि २०२२च्या आरंभी २० लाखांवर. नव्या लेखकाला त्या विषयातील आधीच्या लेखकाची शिफारस लागते, असा नियम २००४पासून आहे. तो आवश्यक असला तरी संस्थेचा आधार नसलेल्या अभ्यासकाला जाचक वाटतो. टपालाच्या काळातील ओळखीपाळखीचा थोडा अंश त्यात उरला आहेच.

गणितातील उदाहरणे

६ ऑगस्ट २००२ रोजी कानपूरच्या आय.आय.टी.तील मणींद्र अग्रवाल, नीरज कयाल आणि नितीन सक्सेना यांनी एक छोटा निबंध आपल्या विभागाच्या संकेतस्थळावर ठेवला. दिलेली संख्या मूळ संख्या आहे काय, हे खात्रीने आणि वाजवी वेळात ठरवणारी रीत त्यात सांगितली होती. कयाल आणि सक्सेना यांनी नुकतीच पदवी घेतली होती. जगभरच्या तज्ज्ञांनी काही दिवसांतच सिद्धता वाचून ती बरोबर असल्याचे सांगितले. काहींनी तिच्यातील पायऱ्या सोप्या करून कळवल्या. 'अ‍ॅनल्स ऑफ मॅथेमॅटिक्स'मध्ये निबंध छापून आला तो २००४मध्ये. तोपर्यंत तो पाठ्यक्रमांत शिकवला जाऊ लागला होता.

त्याच वर्षी ११ नोव्हेंबरला रशियन गणिती ग्रिगोरी पेरेलमान यांनी आर्काइव्हवर एक निबंध ठेवला आणि पुढील जुलैपर्यंत आणखी दोन. पॉइंकारे यांची सुमारे शंभर वर्षे अनुत्तरित राहिलेली अटकळ त्यातून सिद्ध होत होती. हे निबंध त्यांनी कोणत्याही नियतकालिकाकडे पाठवले नाहीत. गणितज्ञांच्या निरनिराळ्या गटांनी काही वर्षे खपून त्यातील प्रत्येक पायरी तपासली व शेकडो पृष्ठांची स्पष्टीकरणे लिहिली. २००६चे फील्ड्स पदक आणि २०१०मध्ये जाहीर झालेले १० लाख डॉलरचे पारितोषिक पेरेलमान यांनी नाकारले. निबंध आजही केवळ प्रीप्रिंटच आहेत. तज्ज्ञ-परीक्षण येथे झालेच नाही असे नव्हे. एरवी दोन-तीन परीक्षक करतात ते काम येथे उघडपणे आणि पुष्कळ अधिक कसोशीने झाले.

यापुढचे पाऊल म्हणजे सिद्धता तयार होण्यापूर्वीच विचार उघड करणे. केंब्रिजचे टिमथी गॉवर्स यांनी जानेवारी २००९मध्ये आपल्या ब्लॉगवर प्रश्न विचारला की, अनेक गणितज्ञांनी मिळून, सर्वांसमक्ष, एखादा अवघड प्रश्न सोडवता येईल काय? त्यांनी एक प्रश्न निवडला आणि अपुऱ्या, कच्च्या, प्रसंगी चुकीच्या कल्पनाही मोकळेपणाने लिहाव्यात असे आवाहन केले. टेरेन्स टाओ यांच्यासह २७ जणांनी सुमारे ८०० टिपणे लिहिली आणि ३७ दिवसांत प्रश्न सुटला. निबंध 'डी. एच. जे. पॉलिमॅथ' या सामुदायिक टोपणनावाने प्रसिद्ध झाला. २०१३मध्ये यितांग झांग यांनी लागोपाठच्या मूळ संख्यांतील अंतर ७ कोटींहून कमी असल्याची उदाहरणे अनंत असतात असे सिद्ध केल्यावर, याच पद्धतीने काम करून तो आकडा ४,६८०पर्यंत खाली आणला गेला. जेम्स मेनार्ड यांच्या स्वतंत्र संशोधनाने तो ६००वर आला आणि त्यांच्या सहभागाने २०१४मध्ये २४६वर. विद्यार्थ्यांनी ही टिपणे अवश्य चाळावीत. छापील निबंधात कधीही न दिसणारी एक गोष्ट, म्हणजे निष्णात गणितज्ञ किती वेळा चुकतो, ती तेथे दिसते.

उघड परीक्षण

गणितात सिद्धता कागदावरच असते. वाचणारा ती तेथल्या तेथे तपासू शकतो. प्रयोगावर आधारित विषयांत तसे नसते. तरीही आकडे उघड असले तर पुष्कळ काही कळते. बंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतील दोन संशोधकांनी जुलै २०१८मध्ये आर्काइव्हवर निबंध ठेवून, सोने व चांदी यांच्या अतिसूक्ष्म कणांपासून केलेला पदार्थ उणे ३७ अंश सेल्सिअस या तुलनेने पुष्कळच उष्ण तापमानाला अतिसंवाहक होतो असा दावा केला. एम.आय.टी.तील ब्रायन स्किनर यांनी ऑगस्टमध्ये एक चमत्कारिक गोष्ट दाखवली. दोन निरनिराळ्या चुंबकीय क्षेत्रांत घेतलेल्या मोजमापांतील बारीक थरथर, जी केवळ योगायोगाने उमटते, ती दोन्ही आलेखांत एकसारखी होती. लेखकांनी आपला दावा सोडला नाही व पुढील वर्षी अधिक माहितीसह सुधारित आवृत्ती ठेवली; तथापि शास्त्रज्ञांच्या समूहाने तो मान्य केला नाही. हा सारा वाद कोणत्याही संपादकाच्या कपाटात न जाता सर्वांसमोर झाला.

नियतकालिकाने तपासून छापलेल्या निबंधालाही अशा वाचनाची गरज असते. डिसेंबर २०१०मध्ये 'सायन्स'ने एक निबंध प्रसिद्ध केला. कॅलिफोर्नियातील मोनो सरोवरात सापडलेला जीवाणू फॉस्फरसच्या जागी आर्सेनिक वापरून वाढतो, असे त्यात म्हटले होते. ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठातील सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ रोझी रेडफिल्ड यांनी दोन-तीन दिवसांतच आपल्या ब्लॉगवर त्यातील दोष दाखवले. तेवढ्यावर न थांबता त्यांनी प्रयोग पुन्हा केला. रोजच्या नोंदी त्या ब्लॉगवर लिहीत गेल्या, २०१२च्या आरंभी निष्कर्षांचा निबंध आर्काइव्हवर ठेवला आणि जुलैमध्ये तो 'सायन्स'मध्येच छापून आला. जीवाणूच्या डीएनएत त्यांना आर्सेनिक आढळले नाही. मूळ निबंध 'सायन्स'ने मागे घेतला तो जुलै २०२५मध्ये. मूळ लेखकांचा त्याला विरोध होता. ब्लॉगवरील आक्षेपापासून या निर्णयापर्यंत साडेचौदा वर्षे गेली.

जीवशास्त्र, वैद्यक आणि महासाथ

न्यूयॉर्क राज्यातील कोल्ड स्प्रिंग हार्बर प्रयोगशाळेने नोव्हेंबर २०१३मध्ये जीवशास्त्रासाठी 'बायोआर्काइव्ह' सुरू केले. वैद्यकासाठी 'मेडआर्काइव्ह' जून २०१९मध्ये निघाले. त्यानंतर सहा-सात महिन्यांतच महासाथ आली.

महासाथीने या पद्धतीची दोन्ही टोके दाखवली. ३१ जानेवारी २०२० रोजी दिल्लीतील काही संशोधकांनी बायोआर्काइव्हवर ठेवलेल्या निबंधात नव्या विषाणूच्या प्रथिनातील चार तुकड्यांचे एच.आय.व्ही.शी साम्य असल्याचे म्हटले होते. असे लहान तुकडे इतर अनेक सजीवांतही सापडतात, हे जगभरच्या तज्ज्ञांनी काही तासांतच दाखवून दिले. लेखकांनी २ फेब्रुवारीला निबंध मागे घेतला. विज्ञानाच्या दृष्टीने हे प्रकरण दोन दिवसांत मिटले. मात्र विषाणू प्रयोगशाळेत मुद्दाम घडवल्याची अफवा त्या निबंधाच्या हवाल्याने समाजमाध्यमांवर पसरली. ती पसरवणारे खुलासा वाचण्यास थांबले नाहीत.

दुसरे टोक असे. डेक्सामेथासोन हे स्वस्त आणि जुने औषध कृत्रिम श्वसनावर असलेल्या रुग्णांतील मृत्यू सुमारे एक-तृतीयांशाने कमी करते, असे ब्रिटनमधील 'रिकव्हरी' चाचणीत आढळले. १६ जून २०२० रोजी ते जाहीर झाले, २२ जूनला संपूर्ण निबंध मेडआर्काइव्हवर आला आणि 'न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन'मध्ये तो १७ जुलैला प्रसिद्ध झाला. मधल्या २५ दिवसांत जगभरच्या अतिदक्षता विभागांतील डॉक्टरांना मात्रा, रुग्णांची निवड, आकडे असा सगळा तपशील वाचून निर्णय घेता आला. इंगेलफिंगर यांचा नियम जुन्या कडकपणाने पाळला असता तर ते दिवस केवळ वृत्तपत्रांतील बातमीवर विसंबून काढावे लागले असते.

त्याच सुमारास, २२ मे २०२० रोजी, 'द लॅन्सेट' या प्रतिष्ठित साप्ताहिकाने हायड्रॉक्सिक्लोरोक्वीनमुळे मृत्यू वाढतात असे सांगणारा निबंध रीतसर परीक्षणानंतर छापला. जागतिक आरोग्य संघटनेने त्या औषधाची चाचणी तात्पुरती थांबवली. आकड्यांतील विसंगती बाहेरच्या शास्त्रज्ञांनी उघड पत्र लिहून दाखवली, मूळ माहिती कोणालाच तपासता येईना आणि ४ जूनला निबंध मागे घेतला गेला. तेव्हा 'परीक्षित म्हणजे विश्वसनीय, प्रीप्रिंट म्हणजे अविश्वसनीय' अशी सरळ विभागणी टिकत नाही. मूळ आकडे दुसऱ्याला पाहता येतात काय, हा प्रश्न दोन्ही ठिकाणी अधिक महत्त्वाचा ठरला.

अर्थशास्त्र आणि मानव्यविद्या

अर्थशास्त्रात ही प्रथा 'वर्किंग पेपर' या नावाने जुनीच आहे. अमेरिकेतील राष्ट्रीय आर्थिक संशोधन विभागाची वर्किंग पेपर माला १९७३पासून चालू आहे. तिच्यातून २०१०मध्ये आलेल्या कार्मेन राइनहार्ट व केनेथ रोगॉफ यांच्या निबंधात, सरकारी कर्ज राष्ट्रीय उत्पन्नाच्या ९० टक्क्यांवर गेले की आर्थिक वाढ खुंटते, असे प्रतिपादन होते. युरोप-अमेरिकेतील काटकसरीच्या धोरणाचे समर्थक त्याचा आधार देत. मॅसॅच्युसेट्स विद्यापीठातील थॉमस हर्न्डन या विद्यार्थ्याने अभ्यासाचा भाग म्हणून हे आकडे पुन्हा मांडून पाहिले, तेव्हा ते जुळेनात. लेखकांनी त्याला आपली एक्सेलची धारिका दिली आणि सरासरी काढताना पाच देश सुटल्याचे त्याला आढळले. अन्य आक्षेपांसह त्याने व त्याच्या प्राध्यापकांनी २०१३मध्ये हे वर्किंग पेपर म्हणूनच प्रसिद्ध केले. लेखकांनी बेरजेची चूक मान्य केली, मूळ प्रतिपादन मात्र सोडले नाही.

साहित्य, इतिहास, तत्त्वज्ञान या विषयांत प्रीप्रिंटचा प्रसार मंद आहे. विज्ञानाच्या तत्त्वज्ञानासाठी पिट्सबर्ग विद्यापीठाचा संग्रह २००१पासून आहे, भाषाशास्त्राचेही संग्रह आहेत. पण ही अपवादात्मक उदाहरणे होत. या मंदपणाला निव्वळ सनातनीपणा म्हणणे योग्य होणार नाही. या विषयांत अंतिम कृती बहुधा ग्रंथ असतो आणि ग्रंथाचा प्रकाशक आधी उघड झालेले प्रकरण नाराजीने स्वीकारतो. शोध आधी कोणाला लागला याची चढाओढही तितकी नसते. शिवाय येथे प्रतिपादन आणि भाषा वेगळी काढता येत नाहीत. गणितातील सिद्धता ओबडधोबड लिहिली तरी सिद्धताच राहते. कवितेवरील कच्चा निबंध हा पुष्कळदा निबंधच नसतो.

साधने उघड करण्याची परंपरा मात्र इतिहासक्षेत्रात मराठीला नवी नाही. वि. का. राजवाडे यांनी १८९८पासून 'मराठ्यांच्या इतिहासाची साधने'चे खंड छापून अस्सल कागद सर्वांपुढे ठेवले आणि १९१०मध्ये पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळाची स्थापना झाली. राजवाड्यांच्या प्रस्तावनांतील अनेक मते पुढील अभ्यासकांनी खोडून काढली, ती पुष्कळदा त्यांनीच छापलेल्या कागदांच्या आधारे.

भारतातील स्थिती

परदेशी नियतकालिकांची वर्गणी भारतातील बहुसंख्य महाविद्यालयांच्या आवाक्याबाहेर राहिली आहे. केंद्रीय मंत्रिमंडळाने नोव्हेंबर २०२४मध्ये 'वन नेशन वन सबस्क्रिप्शन' योजनेस मान्यता दिली. २०२५ ते २०२७ या तीन वर्षांसाठी ६,००० कोटी रुपयांची तरतूद करून सरकारी उच्च शिक्षणसंस्था व संशोधनसंस्थांतील विद्यार्थ्यांना आणि अध्यापकांना ३० प्रकाशकांची सुमारे १३,००० नियतकालिके उपलब्ध करून देण्याची ही योजना आहे. तिचा लाभ मोठा आहे, यात शंका नाही. परंतु संस्थेच्या नावावर मिळणारा प्रवेश संस्थेबाहेर पडताच संपतो. निवृत्त अध्यापक, तालुक्याच्या गावी दवाखाना चालवणारा डॉक्टर, स्वतंत्र अभ्यासक, पदवी घेऊन नोकरीच्या शोधात असलेला विद्यार्थी यांना ही योजना लागू नाही. त्यांच्यासाठी प्रीप्रिंट हाच अनेकदा एकमेव कायदेशीर व विनामूल्य मार्ग असतो.

२०१७मध्ये कृषिशास्त्रासाठी 'अ‍ॅग्रीआर्काइव्ह' आणि २०१९मध्ये सर्व विषयांसाठी 'इंडियाआर्काइव्ह' ही संग्रहस्थळे भारतीय कार्यकर्त्यांच्या पुढाकाराने सुरू झाली. तथापि येथील खरी अडचण संग्रहस्थळांची नाही. नेमणूक आणि बढती यांसाठी छापील निबंधांची संख्या मोजण्याची रीत पडल्यामुळे पैसे घेऊन काहीही छापणाऱ्या नियतकालिकांचा सुळसुळाट झाला. त्यांना आळा घालण्यासाठी विद्यापीठ अनुदान आयोगाने मान्य नियतकालिकांची यादी केली आणि २०२५मध्ये ती बंदही केली. पैसे भरून बोगस नियतकालिकात छापलेला निबंध कोणी वाचत नाही आणि कोणी खोडूनही काढत नाही. उलट प्रीप्रिंटवर टीका होऊ शकते. म्हणूनच कदाचित ज्यांना केवळ संख्या हवी असते त्यांना तो नकोसा वाटतो.

भाषेचा प्रश्न वेगळा आहे. ब्राझीलमधील 'सायेलो'ने २०२०मध्ये सुरू केलेल्या संग्रहात पोर्तुगीज, स्पॅनिश आणि इंग्रजी या तिन्ही भाषांतील प्रीप्रिंट स्वीकारले जातात. मराठीतून लिहिणाऱ्याला स्वित्झर्लंडमधील सर्न या संस्थेचा 'झेनोडो' हा सर्वविषयक संग्रह उपलब्ध आहे. तेथे कोणत्याही भाषेतील लेखन ठेवता येते व त्याला कायमचा क्रमांक मिळतो. मात्र लेखन युनिकोड टंकात असावे. जुन्या, युनिकोडपूर्व टंकांत जुळवलेला मराठी प्रबंध पडद्यावर नीट दिसला तरी शोधयंत्राला तो निरर्थक रोमन अक्षरांचा ढीग वाटतो आणि त्यातील एकही शब्द शोधून सापडत नाही.

उद्धृत करताना

प्रीप्रिंटचा संदर्भ देताना लेखकांची नावे, वर्ष, शीर्षक, संग्रहस्थळाचे नाव, निबंधाचा क्रमांक आणि आवृत्तीचा क्रमांक द्यावा. आवृत्ती सांगणे आवश्यक आहे, कारण पहिल्या व तिसऱ्या आवृत्तीचे निष्कर्ष कधी कधी परस्परविरोधी असतात. हा निबंध परीक्षित नाही, असा स्पष्ट उल्लेख करावा. संदर्भ देण्यापूर्वी त्याच दिवशी संग्रहस्थळावरील मूळ पान उघडून निबंध मागे घेतला आहे काय आणि तो एव्हाना एखाद्या नियतकालिकात प्रसिद्ध झाला आहे काय, हे पाहावे. झाला असल्यास छापील पाठाचा संदर्भ द्यावा. उतरवून घेतलेल्या प्रतीवर विसंबू नये, कारण निबंध मागे घेतल्याची नोंद आपल्या संगणकातील प्रतीवर आपोआप उमटत नाही.